पीएचसीवर घातलेला पैसा कामी येतोय का? स्टॅटिस्टिकल मॉडेल लावून कसं बघायचं, अगदी पहिल्यापासून

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करणारी पोरं, जिल्हा परिषदेत डेटा बघणारे, एखाद्या संस्थेत नुकतेच लागलेले, सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो. आमच्याकडे चाळीसेक प्राथमिक आरोग्य केंद्रांचा (पीएचसींचा) खर्च आहे, ओपीडीचे आकडे आहेत, आता कुठलं मॉडेल लावू? माझं म्हणणं, अजून कुठलंच नको. आधी नुसतं खर्च भागिले ओपीडी करा, स्वस्त ते महाग अशी यादी लावा आणि वरच्या पाच केंद्रांच्या आस्थापनेची माहिती काढा. बऱ्याचदा त्यातल्या दोन-तीन ठिकाणी एमओचं, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याचं, एक पद रिक्त निघतं, कधी दोन्ही, आणि औषध निर्माण अधिकारी नाहीतर सिस्टर गोळ्या देऊन ओपीडी चालवत असतात. पगार वाचला, केसपेपर तेवढेच निघाले, म्हणून केंद्र "कार्यक्षम" दिसतं. हा घोळ मॉडेलमधे आपोआप सुटत नाही, उलट मॉडेल लावलं की त्याला दशांश चिन्हाची इभ्रत मिळते. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातला जवळजवळ अर्धा भाग मॉडेलच्या आधीचा आहे, तो गाळून पुढे पळू नका.

पायरी १: काय मोजतोय आणि कुणाच्या खिशातून

पुस्तकात ज्याला कम्युनिटी हेल्थ सेंटर म्हणतात ते आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय, म्हणजे आरएच, ३० खाटांचं. त्याच्या खाली पीएचसी, त्याच्या खाली उपकेंद्र. निकषाप्रमाणे पीएचसी सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येला एक, आणि सीएचसी १ लाख २० हजार किंवा ८० हजाराला एक. हे पाठ असेलच, पण डेटासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. पीएचसी आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे, डीएचओ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी साहेबांच्या हाताखाली, आणि आरएच राज्य शासनाकडे, जिल्हा शल्य चिकित्सकांच्या म्हणजे सीएसच्या हाताखाली. दोन कार्यालयं, दोन बजेट, दोन अकाउंटंट. त्यात एनएचएमचा म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा तिसऱ्या वाटेने येतो. एका तालुक्याचा पूर्ण खर्च एकाच टेबलावर मिळेल असं धरून चाललात तर पहिला महिना नुसता फिरण्यात जाईल, म्हणून परवानगीचं पत्र दोन्हीकडचं एकदमच काढा.

मग दृष्टिकोन ठरवा, म्हणजे खर्च कुणाचा धरायचा. फक्त शासनाचा, की पेशंटचाही? भारतात २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली एचटीएइन नावाची, उपचार आणि योजना पैशाला परवडतात का ते तपासणारी यंत्रणा आहे, तिच्या मार्गदर्शिकेत समाजाच्या बाजूने हिशोब मांडा पण कुणाचा किती ते वेगवेगळं दाखवा असं आहे, आणि डिस्काउंट रेट (पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) ३ टक्के. मी पण हेच म्हणेन. कारण पीएचसी बंद असली की शासनाचा खर्च कमी होतो, पण बाई जीप करून तालुक्याला जाते, नवऱ्याची मजुरी बुडते, तो खर्च कुठेतरी दिसायला नको का. नवीन असाल तर आधी शासकीय खर्चाचा हिशोब पूर्ण करा आणि शंभरेक पेशंटना एक्झिट इंटरव्ह्यूमधे भाडं, मजुरी, बाहेरून आणलेली औषधं एवढं विचारून ते दुसऱ्या कॉलममधे ठेवा, दोन्ही मिसळू नका.

पायरी २: खर्च गोळा करणं (इथेच वेळ जाणार)

पगार हा सगळ्यात मोठा आकडा, त्यामुळे तिथली चूक सगळ्यात महाग. पगारबिल जिथलं, माणूस तिथलाच असं नसतं. सिस्टरचा पगार या पीएचसीवर निघतो पण ती डेप्युटेशनवर आरएचला, तिथला एक लिपिक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या (टीएचओंच्या) ऑफिसात, ड्रायव्हर अजून कुठे. नियम साधा ठेवा, माणूस जिथे काम करतो तिथे त्याचा खर्च, महिन्यांच्या प्रमाणात. हजेरीपट आणि पगारबिल समोरासमोर ठेवल्याशिवाय हे कळत नाही. कंत्राटी लोक एनएचएमच्या हिशोबात सापडतील, बंधपत्रित डॉक्टर वेगळे, समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) वेगळे, आशांचा मोबदला वेगळा. आणि याच टप्प्यावर प्रत्येक केंद्राचा एक कॉलम करून ठेवा: मंजूर पदं किती, आणि त्या वर्षातले किती महिने कुठलं पद भरलेलं होतं. हा कॉलम सोडला तर पुढचं सगळं वाया, लिहून ठेवा.

दुसरं, औषधं. इथे खरेदीचा आकडा घेऊ नका. मार्च एंडला काय होतं सगळ्यांना माहितीये, निधी परत जाऊ नये म्हणून एकदम माल येतो आणि वापरला जातो पुढच्या वर्षी. तेव्हा वापर मोजा, खरेदी नाही. स्टॉक रजिस्टर किंवा ई-औषधी या औषधसाठ्याच्या ऑनलाइन नोंदीवरून सुरुवातीचा शिल्लक साठा, वर्षभरात आलेला माल, शेवटची शिल्लक आणि एक्सपायर झालेला माल, एवढं उतरवायचं. उदाहरण म्हणून, पॅरासिटामॉल १ एप्रिलला ४० हजार गोळ्या, वर्षात आल्या ६० हजार, ३१ मार्चला शिल्लक ३५ हजार, ५ हजार एक्सपायर. वापर झाला ६० हजार. पण खर्चात ६५ हजार धरायच्या, कारण एक्सपायर झालेल्या गोळ्यांचेही पैसे गेलेलेच आहेत, फक्त त्या ओळीला "वाया" म्हणून वेगळं नाव द्या. सगळ्या औषधांचं असं करत बसू नका, किंमतीने मोठी वीस-पंचवीस औषधं घेतली तरी बहुतेक पैसा कव्हर होतो. लसी, टीबीची औषधं वगैरे केंद्राला फुकट येतात म्हणून शून्य लावू नका, ती कुणीतरी विकत घेतलेलीच आहेत, खरेदी दर मिळवा आणि लावा.

तिसरं, इमारत, गाडी, मशीन. यांचे पैसे एका वर्षात टाकायचे नाहीत, आयुष्यभरात वाटायचे. सूत्र असं, किंमत गुणिले दर, भागिले (१ वजा (१ अधिक दर) चा उणे वर्षं इतका घात). समजा रुग्णवाहिका १२ लाखांची, आयुष्य १० वर्षं, दर ३ टक्के, तर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ६७७ रुपये येतात. नुसतं १२ भागिले १० करून १ लाख २० हजार लावणारे बरेच जण असतात, फरक वीस हजारांचा, पण चाळीस केंद्रं आणि दहा वस्तू म्हटलं की तो दिसायला लागतो. वस्तूंची यादी डेड स्टॉक रजिस्टरमधे मिळेल, पण ती अपुरी असते, कारण जिल्हा नियोजनच्या पैशातून आलेलं मशीन, ग्रामपंचायतीने दिलेला इन्व्हर्टर, कुणा कंपनीने सीएसआरमधून दिलेला बेबी वॉर्मर यांची नोंद कधी असते कधी नसते. एकदा केंद्रात फिरून डोळ्यांनी बघा. खोक्यातून न काढलेलं मशीन असलं तरी त्याचा खर्च धरायचा, वापरलं नाही म्हणून ते फुकट होत नाही, उलट तोच तर मुद्दा आहे.

आणि एक वर्षांबद्दल. २०२०-२१ आणि २०२१-२२ ला हात लावताना सांभाळून, कोविडमधे माणसं दुसरीकडे होती आणि ओपीडीची घडी पूर्ण विस्कटलेली होती. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत केले, तिथेही जी संस्था आधी फी घेत होती तिच्या जमेच्या बाजूला आणि कदाचित गर्दीलाही उडी दिसेल. या तारखा मॉडेलमधे डमी व्हेरिएबल (आधी ०, नंतर १ असा रकाना) म्हणून ठेवायच्या, नाहीतर धोरणाचा परिणाम केंद्राच्या माथी बसतो.

पायरी ३: काम मोजणं

एचएमआयएस हे सरकारी आरोग्य आकडेवारीचं पोर्टल २००८ पासून आहे, दर महिन्याचे आकडे केंद्रवार मिळतात, ओपीडी, प्रसूती, लसीकरण, गरोदर माता तपासणी, सगळं. डाउनलोड केल्यावर पहिलं काम म्हणजे रिकामा रकाना आणि शून्य वेगळे करणं. रिकामा म्हणजे भरलंच नाही, शून्य म्हणजे झालंच नाही, आणि एक्सेलमधे पिव्हट मारताना दोन्हींचं एकच होऊन जातं. दुसरं, शेवटचा अंक बघा. एखाद्या केंद्राची ओपीडी महिन्यामागून महिना १२००, १३५०, १२५० अशी गोल आकड्यात असेल तर तिथलं ओपीडी रजिस्टर मागून दोन महिने हाताने मोजा. प्रसूतीचा आकडा त्यामानाने भरवशाचा, कारण लेबर रूमचं रजिस्टर, जननी सुरक्षाचं पेमेंट आणि जन्मनोंद अशा तीन ठिकाणी पडताळता येतो.

आता ओपीडीतला सर्दी-खोकला आणि रात्री दोनची प्रसूती यांना एकच मार्क देता येत नाही, तेव्हा वजन लावावं लागतं. समजा एक ओपीडी म्हणजे १, तर एएनसी म्हणजे गरोदर मातेची तपासणी २, प्रसूती २०. हे आकडे मी फक्त समजवायला घेतलेत, तुमचे तुम्ही काढायचे, आठ-दहा केंद्रांवर बसून कुठल्या कामाला किती मिनिटं आणि काय साहित्य जातं ते टिपून. टाइम-मोशन स्टडी म्हणतात त्याला, कंटाळवाणं आहे पण करा. आणि वजनं बदलून निकाल किती हलतो हे शेवटी दाखवाच, प्रसूती २० च्या जागी १० आणि ३० धरून. निकाल पूर्ण उलटा होत असेल तर तो निकाल नव्हे, ते तुमचं वजन बोलतंय.

पण एवढं करूनही हे फक्त काम झालं, फायदा नाही. बीपीचे पाचशे पेशंट तपासले हे काम, त्यातल्या कितींचं बीपी १४०/९० च्या खाली आलं हा फायदा. किफायतशीरपणा म्हणजे कॉस्ट-इफेक्टिव्हनेस, त्यात दुसरा आकडा लागतो. एनसीडीच्या (बीपी-मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांच्या) नोंदीतून तो काढता येतो, फक्त फॉलोअपला न आलेल्यांना "माहीत नाही" ठेवून हिशोब दोनदा करा, एकदा ते सगळे अनियंत्रित धरून आणि एकदा वगळून.

पायरी ४: आधी चित्र काढा

आडव्या अक्षावर वजन लावलेलं काम, उभ्यावर एकूण खर्च, दोन्ही लॉग स्केलवर, आदिवासी तालुक्यांचे ठिपके वेगळ्या रंगात आणि एमओ नसलेली केंद्रं पोकळ गोल. अर्धा तास त्या चित्राकडे बघा. लांब पडलेला ठिपका दिसला की फोन लावा, बहुतेक वेळा टायपिंगची चूक नाहीतर इमारतीची दुरुस्ती निघते.

पायरी ५: खर्चाचं मॉडेल

साधं मॉडेल असं: एकूण खर्चाचा लॉग हा कामाच्या लॉगवर, भरलेल्या पदांच्या प्रमाणावर, तालुका आदिवासी आहे का, आरएचपासून अंतर किती, उपकेंद्रं किती, आणि वर्ष कुठलं यावर अवलंबून. कामाच्या लॉगचा जो गुणक येईल तो नीट वाचा. समजा ०.६ आला, तर काम १० टक्के वाढलं की खर्च साधारण ६ टक्केच वाढतो, म्हणजे मोठ्या केंद्राला प्रति पेशंट स्वस्त पडतं. यात नवल नाही, घरात दोघांचा स्वयंपाक असो की चौघांचा, गॅस काही दुप्पट जळत नाही. पण यावरून लहान केंद्रं बंद करून एकत्र करा असा निष्कर्ष काढणारे महाभाग भेटतात, त्यांना गडचिरोलीतल्या भामरागडला न्यायला पाहिजे पावसाळ्यात, पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो, आणि तिकडची केंद्रं पावसाआधी औषधं भरून ठेवतात, गरोदर बायांना आधीच आणून केंद्राजवळच्या माहेरघरात प्रसूतीपर्यंत ठेवतात. तो जास्तीचा खर्च हा ढिसाळपणा नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदेच्या काठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना आहे, बोटीचं डिझेल आणि शहराला लागून असलेल्या पीएचसीच्या गाडीचं डिझेल एका रेषेत उभं करून कुणाला नापास करणार? म्हणून आदिवासी आणि अंतर हे व्हेरिएबल पाहिजेतच, आणि तरीही भामरागडची तुलना शक्यतो शेजारच्या एटापल्लीशी करा, पुण्यालगतच्या हवेलीशी नको.

लॉग घेतल्यावर एक खड्डा असतो. लॉगमधला अंदाज परत रुपयात आणताना नुसता एक्स्पोनेन्शियल घेतला तर सरासरी कमी येते. करून बघा: तीन केंद्रांचे खर्च ६० लाख, ८० लाख आणि २ कोटी. खरी सरासरी १ कोटी १३ लाखाच्या वर. लॉगची सरासरी काढून परत फिरवली तर येते सुमारे ९८ लाख ६० हजार. पंधराएक लाख हवेत गेले. यावर डुआन यांनी १९८३ साली स्मिअरिंग नावाचा उपाय दिला, तो वापरा, किंवा सरळ गॅमा जीएलएम (एका बाजूला लांबलेल्या खर्चासारख्या आकड्यांसाठीचं रिग्रेशन) लॉग लिंकसह लावा, तो सरासरीच मोडेल करतो म्हणून परत फिरवायची भानगड नाही. नवशिक्यांना मी गॅमाच सांगतो.

केंद्रं तालुक्यात आणि तालुके जिल्ह्यात असतात, एका तालुक्यातल्या केंद्रांचा टीएचओ एक, रस्ते एक, सवयीही थोड्या सारख्या. म्हणून साधं रिग्रेशन न लावता मिक्स्ड मॉडेल लावा, तालुक्याला रँडम इफेक्ट देऊन (म्हणजे प्रत्येक तालुक्याची पातळी थोडी वेगळी असू देऊन), आणि तीन-चार वर्षांचा डेटा असेल तर केंद्रालाही. याचा अजून एक उपयोग आहे, ज्या केंद्राचा डेटा थोडा त्याचा अंदाज मॉडेल सरासरीकडे ओढून घेतं, त्यामुळे एका विचित्र वर्षामुळे कुणी यादीत एकदम तळाला जात नाही. आर वापरत असाल तर एलएमई४ पॅकेज पुरतं, पायथनमधे स्टॅट्समॉडेल्स. एक्सेलमधे हे होत नाही, प्रयत्न करू नका.

आणि आता रिक्त पदं. मॉडेल तयार झालं की प्रत्येक केंद्रासाठी दोन अंदाज काढा, एक आहे त्या परिस्थितीत आणि एक भरलेल्या पदांचं प्रमाण १०० टक्के करून. पहिल्यात जे केंद्र स्वस्त दिसत होतं ते दुसऱ्यात कुठे जातं बघा. मी तर रिपोर्टमधे दुसराच आकडा वर लावतो. फक्त एक अडचण, पदं रिक्त राहतात ती मुख्यतः दुर्गम भागातच, त्यामुळे अंतर आणि रिक्तता एकमेकांत अडकलेली असतात आणि गुणकांचे कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाची खालची-वरची मर्यादा) रुंद येतात. रुंद आले तर रुंद दाखवा.

पायरी ६: डीइए आणि एसएफए, थोडक्यात

कार्यक्षमतेवरचे बरेच पेपर डीइएचे (डेटा एन्व्हलपमेंट अनालिसिसचे) असतात, १९७८ ची चार्न्स-कूपर-ऱ्होड्स यांची पद्धत, सगळ्यात चांगल्या केंद्रांची एक सीमा आखायची आणि बाकीचे त्यापासून किती लांब ते मोजायचं. दिसायला छान, स्कोअर टक्क्यात येतो, साहेबांना आवडतो. पण ती पद्धत चुकलेल्या आकड्याला आणि नशिबाला जागाच देत नाही, जे काय अंतर ते केंद्राच्या अकार्यक्षमतेत. आणि केंद्रं थोडी व रकाने जास्त असले की निम्मी केंद्रं शंभर टक्के कार्यक्षम निघतात. ढोबळ नियम असा की इनपुट आणि आउटपुट मिळून जितके रकाने त्याच्या निदान तिप्पट केंद्रं हवीत. एसएफए म्हणजे स्टोकॅस्टिक फ्रंटियर, त्यात योगायोगाचा भाग वेगळा काढतात, पण चाळीस केंद्रांवर ते मॉडेल बऱ्याचदा जुळतच नाही. दोन्हींतही रिक्त पदाचं केंद्र इनपुट कमी म्हणून थेट सीमेवर जाऊन बसतं. मला विचाराल तर पहिल्या प्रकल्पात दोन्ही टाळा, गाईड हट्टच धरत असतील तर डीइए बूटस्ट्रॅपसह (डेटातून पुन्हापुन्हा नमुने उचलून निकाल किती हलतो ते बघत) करा आणि इनपुटमधे हजर माणसांऐवजी मंजूर पदं घालूनही एकदा चालवा.

पायरी ७: खरा प्रश्न, कशाच्या तुलनेत?

इथपर्यंत आपण कोण महाग कोण स्वस्त बघितलं. कॉस्ट-इफेक्टिव्हनेस त्यापुढे आहे, तिथे नेहमी दोन पर्याय लागतात. नवशिक्यांना मी एकच प्रश्न सुचवतो, जो डीएचओच्या पण कामाचा आहे: एमओचं रिक्त पद भरलं तर जास्तीचा खर्च किती आणि जास्तीचा फायदा किती?

यासाठी दर महिन्याचा पॅनल डेटा, म्हणजे त्याच केंद्रांचे लागोपाठच्या महिन्यांचे आकडे, लागतो, तो एचएमआयएसमधून मिळतोच. प्रत्येक केंद्राची त्याच्या स्वतःशीच तुलना, एमओ असलेले महिने विरुद्ध नसलेले महिने. प्रसूती हा मोजणीचा आकडा म्हणून पॉयसन मॉडेल, केंद्राचा फिक्स्ड इफेक्ट (केंद्राचं जे कायम सारखंच राहतं ते वेगळं काढून), स्टँडर्ड एरर केंद्रावर क्लस्टर करून (एकाच केंद्राचे महिने एकमेकांशी जोडलेले धरून). समजा एमओ असण्याचा गुणक ०.३० आला, त्याचा एक्स्पोनेन्शियल १.३५, म्हणजे ३५ टक्के जास्त प्रसूती. महिन्याचे डमी विसरू नका, कारण बदल्या होतात मे-जूनमधे, पद रिकामं होतं आणि लगेच पावसाळा सुरू होतो, मग प्रसूती कमी झाल्या त्या डॉक्टर नसल्यामुळे की ओढ्याला पाणी असल्यामुळे हे मॉडेलला कळणार कसं. अजून एक, पीएचसीत वाढलेल्या प्रसूती कुठून आल्या? घरच्या असतील तर मोठा फायदा, पण आरएचच्याच इकडे सरकल्या असतील तर जिल्ह्याच्या हिशोबात प्रसूती तेवढ्याच. आणि त्या हलल्या म्हणून आरएचचा पगार वाचला असंही धरू नका, तिथली सिस्टर पगारावर आहेच. वाचतात ते फक्त औषध-साहित्याचे पैसे. म्हणून तालुक्याच्या पातळीवर पण तेच मॉडेल एकदा चालवा.

आता आयसीइआर, म्हणजे जास्तीचा खर्च भागिले जास्तीचा फायदा. आकडे परत समजवण्यापुरतेच: पद भरल्याने पगार आणि जास्तीची औषधं मिळून वर्षाला साडेतेरा लाख वाढले, बीपी नियंत्रणात आलेले पेशंट २७० ने वाढले. प्रति पेशंट ५ हजार रुपये. हे चांगलं की वाईट ते एवढ्यावरून कळत नाही, कारण बीपीची तुलना लसीकरणाशी कशी करणार. म्हणून डॅली, आजार आणि अकाली मृत्यूमुळे वाया जाणारी आयुष्याची वर्षं. समजा या २७० जणांमुळे ९ डॅली वाचतात (हा आकडा वेगळ्या मार्कोव्ह मॉडेलमधून येतो, नियंत्रित, अनियंत्रित, पक्षाघात, मृत्यू अशा अवस्था करून, तो विषय स्वतंत्र आहे), तर एका डॅलीला दीड लाख.

दीड लाख जास्त की कमी? एचटीएइनच्या चौकटीत दरडोई जीडीपीशी तुलना करतात, तो आपल्याकडे २०२२-२३ ला साधारण दोन लाखांच्या आसपास होता, हिशोबाला तोच धरू. दीड लाख त्याच्या खाली, म्हणजे किफायतशीर. जुन्या पेपरांमधे दरडोई जीडीपीच्या तिप्पटीपर्यंत चालतं असं सापडेल, ते आता वापरू नका, तेवढ्या मर्यादेत जवळपास काहीही पास होतं.

आयसीइआर उणे आला तर गोंधळू नका, आणि नुसता छापूही नका. खर्च कमी आणि फायदा जास्त तरी उणे, खर्च जास्त आणि फायदा कमी तरी उणे, म्हणजे सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट पर्याय एकाच चिन्हात. म्हणून नेट मॉनेटरी बेनिफिट काढा: दोन लाख गुणिले ९, वजा साडेतेरा लाख, म्हणजे साडेचार लाख शिल्लक. अधिक असला की करा, उणे असला की नको, वाचायला सोपं.

अनिश्चितता बूटस्ट्रॅपने. इथे ओळी उचलायच्या नाहीत, अख्खी केंद्रं उचलायची, म्हणजे एक केंद्र निवडलं की त्याचे सगळे महिने सोबत येतात, खर्च आणि फायदा जोडीनेच. हजारदा करा, दर वेळी नेट बेनिफिट काढा, कितीदा अधिक आला ते मोजा. हजारात ७८० वेळा आला तर "दोन लाखांच्या मर्यादेत हे किफायतशीर असण्याची शक्यता ७८ टक्के" असं लिहायचं. मर्यादा पन्नास हजारापासून तीन लाखांपर्यंत सरकवत तोच हिशोब केला की स्वीकार्यता वक्र तयार, आरमधलं बीसीइए पॅकेज हे सगळं काढून देतं.

तुमचा प्रश्न पदाचा नसून योजनेचा असेल, म्हणजे उपकेंद्राचं हेल्थ अँड वेलनेस सेंटर झालं, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्याने काय फरक पडला, तर डिफरन्स-इन-डिफरन्सेस लावतात, म्हणजे बदललेल्या केंद्रांतला आधी-नंतरचा फरक वजा न बदललेल्यांतला तसाच फरक. पण ही केंद्रं २०१८ पासून टप्प्याटप्प्याने बदलत गेली, आणि बदलली तीही चिठ्ठ्या टाकून नाही, जिथे इमारत धड होती आणि सीएचओ मिळाला तिथे आधी. अशा टप्प्यांच्या बाबतीत नेहमीचं केंद्र-वर्ष फिक्स्ड इफेक्टचं मॉडेल फसवतं, कारण आधी बदललेली केंद्रं नंतरच्यांसाठी तुलना गट बनून बसतात. कॅलवे आणि सान्तआना यांची २०२१ ची पद्धत त्यासाठीच आहे, आरमधे डीआयडी नावाचं पॅकेज. आणि बदलण्याआधीच्या वर्षांतले दोन्ही गटांचे कल समांतर आहेत का त्याचं चित्र नसेल तर पुढचं कुणी वाचू नये.

पायरी ८: साहेबांपुढे न्यायचा कागद

पन्नास पानी रिपोर्ट नंतर बांधा, मीटिंगला एकच पान न्या. त्यावर केंद्राचं नाव, भरलेल्या पदांचं प्रमाण, आहे तसा प्रति-काम खर्च, पदं भरलेली धरून प्रति-काम खर्च, आणि त्याचा खालचा-वरचा अंदाज. पदांचा रकाना खर्चाच्या आधी ठेवा, म्हणजे नजर आधी तिथे जाते. क्रमांक घालू नका, एक ते चाळीस असे आकडे टाकले की मीटिंग तळाच्या पाच जणांना झापण्यातच संपते, आणि तुमचे इंटरव्हल बघितले तर बारावा आणि तिसावा यांच्यात फरक आहे हे खात्रीने सांगताच येत नाही. रंग द्यायचाच तर तीन गट करा: नक्की महाग, नक्की स्वस्त, आणि मधले सगळे. मधला गट मोठा येईल, येऊ द्या. आणि कागद नेण्याआधी नक्की महाग गटातल्या एमओंना फोन करून त्यांचा आकडा दाखवा, डेप्युटेशनचा एखादा तरी पगार चुकून त्यांच्याकडे लागलेला असतोच, तो मीटिंगमधे निघण्यापेक्षा आदल्या दिवशी निघालेला बरा.